घोषणा ऐकली, नियम कुठे आहे?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

गेल्या अंकानंतर सांगली आणि सातारा जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांत वीजमीटरविषयीची पत्रे सर्वाधिक होती. त्यामुळे पहिल्या उत्तराला नेहमीपेक्षा अधिक जागा दिली आहे. ज्यांच्या प्रश्नांची उत्तरे थोडक्यात आटोपली आहेत, त्यांनी राग मानू नये.

प्रश्न : मी कामावर गेलेली असताना ठेकेदाराची दोन माणसे घरी आली आणि सासूबाईंना “सरकारचा आदेश आहे” असे सांगून, चांगला चालणारा मीटर काढून त्या जागी स्मार्ट मीटर बसवून गेली. सर्वसामान्यांच्या घरी असे मीटर बसवले जाणार नाहीत, असे मंत्र्यांनी सांगितल्याचे मी स्वतः वर्तमानपत्रात वाचले होते. त्यानंतरचे बिल जवळजवळ दीडपट आले. हा मीटर जास्त पळतो काय? आणि आपल्याला तो नाकारता येतो काय? (एक नोकरदार वाचक, विश्रामबाग, सांगली)

आपण वाचलेली बातमी खरी होती, पण ती नेमकी कशाविषयी होती हे पाहावे लागेल. जून २०२४ मध्ये तत्कालीन उपमुख्यमंत्री व ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी जाहीर केले होते, ते सर्वसामान्य ग्राहकांकडे स्मार्ट ‘प्रीपेड’ मीटर बसवले जाणार नाहीत, असे. आता घरोघरी बसत आहेत ते मीटर स्मार्ट आहेत, पण त्यांचे बिल पूर्वीसारखे वापरानंतर येते. घोषणेचा शब्द अशा रीतीने पाळला गेला असे म्हणता येईल, आणि ती ऐकणाऱ्याचा समज मात्र वेगळा झाला होता, हेही तितकेच खरे. हाच मीटर जागेवरून न हलवता पुढे प्रीपेड पद्धतीने चालवता येतो, त्यामुळे लोकांच्या मनात जी शंका आहे तिला अडाणीपणा म्हणून झटकून टाकणे बरोबर नाही.

नाकारण्याच्या प्रश्नाचे उत्तर दोन भागांत द्यावे लागते. विद्युत कायदा, २००३ च्या कलम ५५ प्रमाणे वीजपुरवठा योग्य मीटरमधूनच व्हावा लागतो आणि तो मीटर कोणत्या प्रकारचा असावा हे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे विनियम ठरवतात. म्हणून “मला स्मार्ट मीटर नको, जुनाच ठेवा” या म्हणण्याला कायद्याचा आधार कमी आहे. प्रीपेडची गोष्ट निराळी आहे. त्याच कायद्याच्या कलम ४७ मध्ये असे आहे की, जो ग्राहक प्रीपेड मीटरमधून वीज घेण्यास तयार असेल त्याच्याकडून कंपनीला सुरक्षा ठेव मागता येणार नाही. ‘तयार असेल’ म्हटल्यावर तयार नसण्याची मोकळीकही आलीच, असा ग्राहक संघटनांचा युक्तिवाद आहे आणि तो मला पटतो. उद्या आपल्या घरचा मीटर प्रीपेड करण्याची सूचना आली, तर हे कलम नमूद करून लेखी हरकत घ्यावी.

आता बिलाकडे वळू. स्मार्ट मीटर आणि आपला जुना इलेक्ट्रॉनिक मीटर एकाच पद्धतीने युनिट मोजतात. नव्या मीटरमध्ये जास्तीचे आहे ते संदेशवहनाचे यंत्र, त्यामुळे रीडिंग घ्यायला माणूस यावा लागत नाही. तरीही बदलानंतरचे पहिले बिल फुगण्याची काही खरी कारणे असतात. जुना मीटर फिरत्या चकतीचा असेल, तर तो वयोमानाने मंदावलेला असतो आणि बंद टीव्ही किंवा मोबाइलचा चार्जर यांसारखा बारीक भार त्याच्या लक्षातही येत नाही. त्याआधीचे एक-दोन महिने सरासरी बिल आलेले असेल, तर राहिलेले युनिट याच बिलात येऊन बसतात. बिलाचा कालावधी तीसऐवजी चाळीस दिवसांचा झालेला असू शकतो. शिवाय घरगुती दर टप्प्यांनी वाढतात. पहिल्या १०० युनिटांचा दर एक आणि १०१ ते ३०० या टप्प्याचा दर त्याहून बराच जास्त, त्यामुळे ९५ युनिट वापरणाऱ्या घराचा वापर १३० वर गेला की युनिटांच्या मानाने रक्कम अधिक वाढते.

यांपैकी आपल्याकडे काय घडले हे कळायला जुन्या मीटरचे शेवटचे रीडिंग हवे. ते मीटर बदलल्याच्या अहवालावर लिहिलेले असते. सासूबाईंना त्याची प्रत मिळाली नसेल, तर उपविभागीय कार्यालयाकडून ती लेखी अर्जाने मागावी आणि अर्जाची पोहोच घ्यावी. ज्यांच्याकडे मीटर अजून बदलायचा आहे त्यांनी जुन्या मीटरच्या आकड्यांचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. पुढची अर्धी भांडणे त्या एका फोटोने मिटतील.

आकडे जुळले तरी बिल पटत नसेल, तर एक उपाय आहे आणि तो फार थोड्यांना ठाऊक आहे. वीज ग्राहकांच्या हक्कांविषयीचे केंद्राचे नियम २०२० मध्ये आले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांत सुधारणा झाली. त्या सुधारणेनुसार, मीटरचे रीडिंग प्रत्यक्ष वापराशी जुळत नसल्याची तक्रार ग्राहकाने केल्यास वितरण कंपनीने पाच दिवसांच्या आत पडताळणीसाठी दुसरा मीटर जोडून द्यायचा असतो आणि किमान तीन महिने दोन्हींची तुलना करायची असते. अर्जात “मीटर तपासून मिळावा” असे मोघम न लिहिता या सुधारित नियमाचा उल्लेख करून “पडताळणी मीटर बसवून मिळावा” असेच लिहावे. याच नियमांच्या २०२३ च्या सुधारणेने आणखी एक संरक्षण दिले आहे : स्मार्ट मीटर बसल्यावर आपला कमाल भार (एका वेळी घेतलेली सर्वाधिक वीज) मंजूर भारापेक्षा, म्हणजे जोडणीच्या ठरलेल्या मर्यादेपेक्षा, जास्त दिसला, म्हणून मीटर बसण्याच्या आधीच्या काळाचा दंड लावता येत नाही. कार्यालयात दाद लागली नाही, तर ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्यानंतर विद्युत लोकपाल असा मार्ग आहे.

या मीटरचा फायदा काहीच नाही असे मात्र नाही. राज्य वीज नियामक आयोगाच्या दरानुसार १ जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकाला सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैशांपासून पुढे सवलत सुरू झाली. ८० पैसे धरले, तर महिन्याला ६० युनिट या वेळेत वापरल्यास ४८ रुपये वाचतील. दिवसभर कुलूप लागणाऱ्या नोकरदारांच्या घरात एवढेही वाचणार नाहीत, आणि ज्या घरात माणसे दिवसा असतात तिथे इस्त्री, पाण्याची मोटर आणि धुलाई यंत्र या वेळेत चालवणे फायद्याचे ठरेल. मीटर “फुकट” बसतो हे विधान मात्र मी अर्धेच मानतो. २०२१ च्या केंद्रीय योजनेतून एका मीटरमागे बहुतेक राज्यांना मिळणारे अनुदान खर्चाच्या १५ टक्के किंवा ९०० रुपये, यांपैकी जे कमी असेल तेवढेच आहे. उरलेला खर्च कंपनीच्या हिशेबात जातो, आणि कंपनीचा हिशेब आज ना उद्या दरवाढीच्या अर्जातून आयोगापुढे येतोच.

प्रश्न : आम्ही दोघे निवृत्त आहोत. महिन्याचा वापर ११० युनिटांच्या आसपास असतो. ‘सूर्यघर’ योजनेतून ३ किलोवॉटचीच यंत्रणा घ्या, अनुदान पूर्ण मिळते, असा विक्रेत्याचा आग्रह आहे. आम्ही काय करावे? (एक निवृत्त शिक्षिका, वाई)

आपल्या वापराला १ किलोवॉट पुरते. छतावरचे १ किलोवॉट पॅनेल आपल्या भागात सरासरीने दिवसाला चार युनिटांच्या जवळपास, म्हणजे महिन्याला १०० ते १२० युनिट वीज देते. वाईला जून ते सप्टेंबर हे प्रमाण बरेच घसरेल, पण उन्हाळ्यातले जादा युनिट नेट मीटरच्या, म्हणजे घेतलेल्या आणि परत दिलेल्या विजेची वजाबाकी ठेवणाऱ्या मीटरच्या, हिशेबात पुढे ओढले जातात.

३ किलोवॉटचा आग्रह का होतो, हे अनुदानाचे आकडे पाहिले की कळते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत १ किलोवॉटला ३०,०००, २ किलोवॉटला ६०,००० आणि ३ किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या यंत्रणेला ७८,००० रुपये अनुदान आहे. ७८,००० हा आकडा जाहिरातीत उठून दिसतो, आणि विक्रेत्यालाही मोठी यंत्रणा विकण्यातच लाभ असतो. पण अनुदान वजा जाता उरणारा खर्च आपल्याच खिशातून जाणार असून, वर्षअखेरीस शिल्लक राहिलेल्या युनिटांचा मोबदला किरकोळ दराने मिळतो. विकायला म्हणून वीज तयार करण्याची ही योजना नाही. घरात पुढे वातानुकूलन यंत्र किंवा विजेवरची दुचाकी येणार असेल, तरच २ किलोवॉटचा विचार करावा.

व्यवहारातल्या काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. अनुदान यंत्रणा बसून तपासणी झाल्यावर आपल्या बँक खात्यात येते, त्यामुळे सुरुवातीची रक्कम आपल्याला उभी करावी लागते. पॅनेल आणि त्यातले सेल देशी बनावटीचे असले तरच अनुदान मिळते, हे कोटेशनवर लिहून घ्यावे. विक्रेता राष्ट्रीय पोर्टलवर नोंदलेला आहे याची खात्री करावी आणि पाच वर्षांची देखभाल ही त्याची जबाबदारी असल्याचे करारात आहे ना, ते वाचावे. शक्य असेल तर एकदा पाटण तालुक्यातल्या मान्याचीवाडीला जाऊन यावे. २०२४ मध्ये राज्यातले पहिले सौरग्राम म्हणून ते जाहीर झाले आणि तिथे शंभराच्या आसपासच घरे आहेत. तिथल्या बायकांना पावसाळ्यातल्या बिलाविषयी विचारले, तर कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा चांगले उत्तर मिळेल.

प्रश्न : आमच्या गावातील एक दुकानदार फोनवरून पैसे दिले की “बँक कापून घेते” म्हणून शंभरामागे दोन रुपये जास्त घेतो. हे बरोबर आहे का? (एक विद्यार्थी, विटा)

बरोबर नाही. जानेवारी २०२० पासून बँक खात्यातून केलेल्या यूपीआय व्यवहारावर व्यापाऱ्याला शुल्क पडत नाही. उलट २००० रुपयांपर्यंतच्या व्यवहारांसाठी लहान व्यापाऱ्यांच्या बाजूने प्रोत्साहन रक्कम देण्याची योजना केंद्राने २०२४-२५ साठीही चालू ठेवली होती. आपण क्रेडिट कार्ड किंवा वॉलेट जोडून पैसे देत असाल, तर त्याला शुल्क लागू शकते, तेव्हा आधी आपला व्यवहार कोणत्या प्रकारचा आहे ते पाहावे. रक्कम जमा झाल्याचे बोलून दाखवणाऱ्या डबीचे मासिक भाडे तो भरत असेल, हेही खरे. पण ते त्याच्या दुकानाच्या दिव्याबत्तीसारखे आहे, ते गिऱ्हाइकाच्या बिलात वेगळे लावायचे नसते.

प्रश्न : चार वर्षांपूर्वी घेतलेल्या माझ्या मोबाइलच्या पडद्यावर सॉफ्टवेअर अद्ययावत केल्यावर दुसऱ्याच दिवशी हिरवी उभी रेघ आली. सांगलीतील अधिकृत सेवा केंद्राने “या मॉडेलचा डिस्प्ले आता येत नाही, जुना द्या आणि सवलतीत नवा घ्या” असे सांगितले. दुरुस्तीचा हक्क कायद्याने मिळाला आहे असे ऐकतो. तो कुठे मागायचा? (एक द्राक्ष बागायतदार, पलूस)

तसा स्वतंत्र कायदा आपल्याकडे अद्याप झालेला नाही, आणि लोकांचा समज का झाला आहे हेही सांगायला हवे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये या विषयावर समिती नेमली आणि २४ डिसेंबर २०२२ रोजी, राष्ट्रीय ग्राहक दिनी, ‘राइट टू रिपेअर’ नावाचे पोर्टल सुरू केले. शेतीची अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती उपकरणे आणि वाहने अशी चार क्षेत्रे त्यात घेतली आहेत. पोर्टलवर कंपन्यांनी आपापली सेवा केंद्रे, हमीच्या अटी आणि सुट्या भागांची माहिती ठेवायची असते. माहिती देणे आणि दुरुस्ती करून देण्यास बांधील असणे यांत जे अंतर आहे, त्यातच आपला मोबाइल अडकला आहे. त्यानंतर २०२५ मध्ये मोबाइल आणि टॅब्लेटसाठी दुरुस्ती-निर्देशांक असावा, असा अहवाल दुसऱ्या समितीने सरकारला दिला. वस्तू किती सहज उघडता येते, सुटे भाग किती दिवसांत मिळतात, सॉफ्टवेअर किती काळ पुरवले जाते, अशा निकषांवर खोक्यावरच गुण छापले जावेत अशी ती कल्पना आहे. फ्रान्समध्ये असा निर्देशांक जानेवारी २०२१ मध्येच लागू झाला. युरोपीय संघाने तर २० जून २०२५ पासून असा नियमच लागू केला की, मॉडेलची विक्री थांबल्यावरही सात वर्षे त्याचे महत्त्वाचे सुटे भाग मिळाले पाहिजेत. तीच कंपनी आता तिकडे मोबाइल विकताना सुटे भाग साठवून ठेवते, आणि पलूसच्या गिऱ्हाइकाला चार वर्षांत नवा घ्यायला सांगते. यात तंत्रज्ञानाची काही अडचण नाही. तिकडे बंधन आहे आणि इकडे नाही, एवढाच फरक.

तरीही आपण रिकाम्या हाताचे नाही. प्रथम सेवा केंद्राकडून जॉबशीट (तपासणी-दुरुस्तीचा नोंदकागद) घ्यावी आणि त्यावर “डिस्प्ले उपलब्ध नाही” हे त्यांच्याच हस्ताक्षरात किंवा छापील घ्यावे. तोंडी नकाराला पुढे काही किंमत नसते. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. तिथून कंपनीशी थेट संपर्क होतो आणि पुष्कळ प्रकरणे याच पायरीवर सुटतात, कारण कंपन्यांना आपल्या नावापुढे प्रलंबित तक्रारींचा आकडा वाढलेला नको असतो. तिथेही काही झाले नाही, तर सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगाकडे दाद मागता येते, त्यामुळे कंपनीचे कार्यालय गुरुग्रामला असो की बंगळूरूला, आपल्याला तिकडे जावे लागत नाही. वस्तूसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील देण्याची सक्ती नाही आणि अर्ज ऑनलाइनही करता येतो. मुदत मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे.

निकाल आपल्याच बाजूने लागेल असे आश्वासन मी देणार नाही. हमीची मुदत संपलेली आहे, तेव्हा “मोबाइल जुना झाला” असा बचाव कंपनी घेणारच. आपली भिस्त त्या रेघेच्या वेळेवर आहे : रेघ कंपनीने पाठवलेल्या सॉफ्टवेअरनंतर लगेच आली असल्याने दोष वापरातला नसून वस्तूतला किंवा सेवेतला आहे, हे दाखवावे लागेल. सॉफ्टवेअर घेतल्याची तारीख मोबाइलच्या सेटिंगमध्ये सापडली, तर तिचा फोटो काढून ठेवावा. आणि हे सगळे चालू असताना मोबाइल बाजारातल्या दुसऱ्या कारागिराकडून उघडून घेऊ नये. एरवी मी त्या कारागिरांचा चाहता आहे, पण एकदा मोबाइल उघडला की “आमचा संबंध संपला” असे म्हणायला कंपनीला आयते निमित्त मिळते. तक्रार करायचीच नसेल, तर मात्र खुशाल त्यांच्याकडे जावे.

प्रश्न : माझी आई जत तालुक्यात गावी एकटी राहते आणि साधा बटनांचा फोन वापरते. तिला इंटरनेट नको, तरी दर महिन्याला डेटासह रिचार्ज मारावा लागतो. दुकानदार म्हणतो, दुसरा पॅकच नाही. (एक वाचक, मिरज)

दुसरा पॅक आहे आणि तो ठेवणे कंपन्यांवर बंधनकारक आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, डिसेंबर २०२४ मध्ये ग्राहक संरक्षण विनियमांत बारावी सुधारणा केली. तिच्यानुसार प्रत्येक कंपनीने केवळ बोलणे आणि एसएमएस यांसाठीचा किमान एक पॅक द्यायचा असतो. अशा पॅकची कमाल मुदतही याच सुधारणेने ९० दिवसांवरून ३६५ दिवसांवर नेली. जानेवारी २०२५ पासून कंपन्यांनी असे पॅक आणले, पण त्यांची जाहिरात त्या करत नाहीत आणि ॲपवरही ते यादीत खाली कुठेतरी असतात. कंपनीच्या ग्राहक सेवा क्रमांकावर “व्हॉइस ओन्ली” पॅक विचारावा.

घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. पॅकच्या किमतीला दिवसांनी भागून रोजचा खर्च काढावा, कारण नियमाने असा पॅक ठेवायला लावले आहे, तो स्वस्त ठेवायला लावलेले नाही. काही वेळा डेटाच्या पॅकशी तुलना केली तर बचत थोडीच निघते. मुदत मात्र लांब असल्याने दर महिन्याला दुकानापर्यंतची फेरी वाचते, आणि एकट्या राहणाऱ्या आईसाठी मला तोच खरा लाभ वाटतो. दुसरे, पॅकमध्ये एसएमएस असतात. बँकेचा संदेश आईच्या फोनवर येत राहील. बटनांच्या फोनवरून पैसे देण्यासाठी ‘यूपीआय १२३ पे’ ही सोय मार्च २०२२ पासून आहे, पण आईला सवय नसेल तर या वयात ती लावण्याचा आग्रह धरू नये, असे माझे मत आहे.

प्रश्न : ‘संचार साथी’ ॲप सक्तीचे झाले आणि मग रद्द झाले, अशा दोन्ही बातम्या आल्या. आता ते ठेवावे की काढावे? सरकारला आपला मोबाइल दिसतो का? (एक दुकानदार, कराड)

‘संचार साथी’ हे हरवलेला मोबाइल बंद करणे, आपल्या नावावरची सिमकार्डे तपासणे अशा कामांसाठीचे दूरसंचार विभागाचे ॲप आहे. आधी घटनाक्रम पाहू. दूरसंचार विभागाने २८ नोव्हेंबर २०२५ रोजी मोबाइल उत्पादकांना आदेश दिला की, ९० दिवसांत नव्या हँडसेटमध्ये हे ॲप आधीच घातलेले असावे आणि त्याच्या सुविधा बंद किंवा मर्यादित करता येऊ नयेत. बातमी फुटताच देशभर टीका झाली. २ डिसेंबरला दूरसंचार मंत्री ज्योतिरादित्य सिंदिया यांनी “नको असेल तर काढून टाका” असे सांगितले, आणि ३ डिसेंबरला विभागाने पूर्वस्थापनेची सक्ती मागे घेतली. मधल्या दिवशी मंत्री एक सांगत होते आणि आदेशाचा मजकूर दुसरेच सांगत होता. अशा वेळी मजकूरच धरून चालावे. सक्ती उठली ती आदेश मागे घेतल्यामुळे, मंत्र्यांच्या वाक्यामुळे नव्हे. ती उठली हे मला योग्यच वाटते, कारण चांगली सोयसुद्धा काढून टाकता येणार नाही अशा रूपात मोबाइलमध्ये बसवली, की पुढच्या अद्ययावत रूपात तिच्यात काय वाढेल यावर मालकाचा ताबा राहत नाही.

सोय मात्र चांगली आहे, आणि ॲप न घेताही तिचा उपयोग होतो. मे २०२३ पासून याच नावाचे संकेतस्थळ चालू आहे. हरवलेला मोबाइल तिथून देशभरातल्या सर्व कंपन्यांच्या जाळ्यांवर बंद करता येतो. त्यासाठी पोलिस तक्रारीची प्रत आणि मोबाइलचा आयएमईआय, म्हणजे प्रत्येक हँडसेटचा स्वतंत्र ओळख क्रमांक, लागतो. हा क्रमांक *#०६# दाबल्यावर पडद्यावर दिसतो. तो आजच बिलावर लिहून ठेवावा, मोबाइल हरवल्यावर तो पडदा आपल्यापाशी नसतो. आपल्या नावावर किती सिमकार्डे चालू आहेत हेही तिथे कळते. आपण दुकानदार आहात, ठिकठिकाणी आधारच्या झेरॉक्स दिलेल्या असणार, म्हणून हे एकदा जरूर पाहावे. अनोळखी क्रमांक निघाला तर तिथेच “माझा नाही” अशी नोंद करता येते. ॲप ठेवल्यास ते कॉलची यादी, एसएमएस, कॅमेरा अशा परवानग्या मागते, त्यांतल्या नको असतील त्या नाकाराव्यात. पैशांची फसवणूक झाली असेल, तर मात्र या ॲपच्या वाटेला न जाता ताबडतोब १९३० वर फोन करावा, कारण रक्कम पुढच्या खात्यांत सरकण्याआधी गोठवली गेली तरच ती परत मिळण्याची आशा असते.

प्रश्न : मुलगा पुण्याला नोकरीला आहे आणि दर आठवड्याला मोटारीने घरी साताऱ्याला येतो. फास्टॅगचा वार्षिक पास घ्यावा का? (एक वाचक, सदरबझार, सातारा)

घ्यावा. १५ ऑगस्ट २०२५ रोजी हा पास ३,००० रुपयांना सुरू झाला, तेव्हा त्यात एक वर्ष किंवा टोलनाक्यांवरचे २०० प्रवास, यांपैकी जे आधी संपेल ते, अशी अट होती. म्हणजे एका नाक्याला १५ रुपये पडले. पुणे ते सातारा मार्गावर खेड-शिवापूर आणि आनेवाडी असे दोन नाके लागतात, जाऊन-येऊन चार, तेव्हा २०० प्रवासांत ५० फेऱ्या होतात. दर आठवड्याला येणाऱ्या मुलाला पास जवळजवळ वर्षभर पुरेल. महिन्यातून एकदा कोल्हापूरला अंबाबाईच्या दर्शनाला जात असाल, तर तासवडे आणि किणी इथलेही प्रवास यातूनच कापले जातील आणि पास त्या मानाने लवकर संपेल. घेण्याआधी ‘राजमार्गयात्रा’ ॲपवर आजची किंमत पाहून घ्यावी.

हा पास राष्ट्रीय महामार्ग आणि राष्ट्रीय द्रुतगती मार्गांपुरता आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग राज्याच्या महामंडळाकडे असल्याने तिथे तो चालत नाही आणि फास्टॅगच्या शिलकीतून नेहमीचा टोल कापला जातो. म्हणून पास घेतला तरी खात्यात थोडी रक्कम ठेवावी. पास खासगी मोटार, जीप आणि व्हॅन यांनाच मिळतो. तो गाडीच्या नोंदणी क्रमांकाशी बांधलेला असतो, त्यामुळे मुलगा येत्या काही महिन्यांत गाडी बदलणार असेल, तर नव्या गाडीची नोंदणी होईपर्यंत थांबावे.